हत्ती, गाय आणि मधली भिंत

मशीन फार ओरडतं म्हणून मी त्याच्या अंगावर गोधडी घातली.

त्या क्षणी यात काही चुकतंय असं मला वाटलं नाही. फोन वाजायला लागला की माणूस तो उशीखाली सरकवतोच ना. मी गोधडी चारी बाजूंनी नीट खोचली, दोन पावलं मागं सरलो आणि बटण दाबलं. आवाज खरंच मऊ झाला. मी स्वतःची पाठ थोपटेपर्यंत गोधडीचा एक कोपरा सरकत सरकत मशीनच्या तोंडाशी गेला. या मशीनला हवा ओढायची दोन तोंडं आहेत. एकाला नळी लावलेली होती आणि दुसऱ्याचं झाकण मीच सकाळी साफसफाई करताना काढून ठेवलं होतं. त्या उघड्या तोंडानं कोपरा धरला आणि मग भाकरी गिळावी तशी अर्धी गोधडी आत घेतली. आधी घशात घास अडकल्यासारखा आवाज, मग रबर जळाल्याचा वास, मग घरातली सगळी वीज गेली.

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. गोधडी तिच्या आईनं शिवलेली होती. तिनं मशीनच्या तोंडातून लोंबणारं आपल्या आईचं लुगडं ओळखलं, माझ्याकडं पाहिलं आणि शांतपणे विचारलं,

"थंडी वाजत व्हती का त्याला?"

मी नांदे गावचा. पिरंगुटच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आयुष्य काढलं आणि वेळेआधी नोकरी सोडून घरी बसलो. 'बसलो' हा शब्द बायकोला मान्य नाही. तिच्या मते मी नोकरी सोडल्यापासून एकदाही बसलेलो नाही, नुसता घरात फिरतोय. शेताचा मोठा भाग सोसायट्यांखाली गेला, राहिलेल्या तुकड्यात थोडा भात होतो. घरावर मजले चढवले, त्यात हिंजवडीला कामाला जाणारी पोरं भाड्यानं राहतात. सकाळी ती सगळी गाड्या काढून निघून गेली की घर एकदम रिकामं होतं आणि माझ्या हातांना खाज सुटते. म्हणून मी आमच्या जुन्या गोठ्यात लाकूडकाम सुरू केलं. पाडलेल्या घरांचा सागवान मिळतो, त्याचे पाट, चौरंग, देव्हारे करतो. बरे होतात. एखादा पाट डुगडुगतो, पण तो मी नातेवाइकांनाच देतो.

अडचण धुळीची झाली. स्वयंपाकघर गोठ्याला चिकटून, आणि सागाचा बारीक भुसा पिठासारखा उडतो. तो डब्यांवर बसला, देवांवर बसला आणि शेवटी बायकोच्या छातीत बसला. ती खोकायला लागली. पौडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "एक तर धूळ थांबवा, नाहीतर धूळ करणाऱ्याला." बायकोला दुसरा उपाय पसंत होता. पण लेकीनं फोनवर बघून बघून हा डस्ट कलेक्टर मागवून दिला. लाकूड कापायच्या कटरला याची जाड नळी जोडायची, म्हणजे धूळ उडायच्या आत ओढली जाते आणि मागच्या मोठ्या पिशवीत पडते. लांब सोंड आणि मागं फुगलेलं पोट बघून बायकोनं त्याचं नाव हत्ती ठेवलं.

हत्तीनं काम चोख केलं. खोकला कमी झाला, डब्यांवरचा थर गेला. पण त्याचा आवाज म्हणजे कुणीतरी मिक्सरमध्ये खडे घालून झाकण दाबून धरलंय, आणि त्या खडखडाटाच्या आत एक बारीक शिट्टी, जी मशीन बंद केल्यावरही माझ्या कानात जेवण होईपर्यंत वाजायची. तरी मी म्हटलं, चालायचंच. आपलं घर, आपला गोठा, आपला हत्ती.

गोठा मात्र पूर्ण आपला नव्हता, हे माझ्या लक्षातून गेलं होतं.

आमच्या वडिलांची आणि चुलत्यांची वाटणी झाली तेव्हा गोठ्याच्या मधोमध भिंत घातली. ती भिंत छपरापर्यंत नेली नाही. माणसाच्या डोक्याच्या थोडं वर थांबवली. छप्पर एकच, आढं एकच, आणि भिंतीच्या वर हातभर उंचीची सलग मोकळी फट. आजोबा म्हणाले होते म्हणे, माणसं वेगळी झाली तर झाली, जनावरांचा वारा कशाला तोडायचा. आमच्या बाजूची जनावरं कधीच गेली. पलीकडं मात्र माझ्या चुलतीची, म्हणजे काकींची, एक गाय अजून आहे. शेवटचीच. दिवाळीनंतर ती व्यायली.

काकींचं आणि आमचं भांडण नाही. लग्नाकार्याला, मयतीला आम्ही एकत्र असतो. पण मागं जमिनीची मोजणी झाली, एका बांधावरून काकींचा मुलगा आणि मी जरा मोठ्यानं बोललो, आणि तेव्हापासून एकमेकांच्या उंबऱ्याच्या आत जाणं थांबलं. कुणी ठरवलं नाही, थांबलं. आता ज्याच्या दारात जाता येत नाही त्याच्याकडं तक्रार कशी करायची? भावकीत त्याची रीत असते. लेकी बोले, सुने लागे. काकींना लेक नाही, म्हणून त्या गाईशी बोलतात. भिंतीवर फट आहेच.

पहिल्यांदा ऐकलं ते असं. मी कटर थांबवला, हत्ती थांबवला, आणि त्या शांततेत पलीकडून काकींचा आवाज आला.

"ऱ्हा बाई उभी. तुज्या दादाचं इमान उतरलं. आता दुसरं उडायच्या आत सोड पान्हा."

 पलीकडं रिकाम्या चरवीत एक बारीक धार वाजली आणि थांबली.

"न्हाई? बरं. नको देऊ. तुजं लेकरू उपाशी, माजी चरवी उपाशी. तिकडं लाकडाला मातूर न्हाऊमाखू घालत्यात."

मी हळूच घरात आलो. बायकोला सांगितलं, काकींची गाय पान्हा चोरतीय. ती पोळी लाटताना थांबली नाही.

"मला ठावं हाय. आठ दिस झालं गाईला सांगत्यात त्या. तुमाला हत्तीच्या आवाजात ऐकू आलं न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून मी धारेच्या वेळी मशीन बंद ठेवायला लागलो. सकाळी नाही, संध्याकाळी नाही. पण गाय दिवसभर बिथरलेली राहायची. रवंथ करायची नाही, कान उभे करून भिंतीकडं बघायची, हे मला स्टुलावर चढून फटीतून दिसायचं. तीही मला बघायची. तिच्या नजरेत काही चांगलं नव्हतं. मग मी हत्ती साफ बंद केला आणि हात गप्प बसेनात म्हणून कटर नुसताच चालवला. दोन दिवसांत बायको खोकायला लागली. तिसऱ्या दिवशी तिनं पदर तोंडाला लावून गोठ्याच्या दारात उभं राहून सांगितलं,

"आवो, आता ठरवा. गाय, मी, का लाकूड."

मी सगळंच बंद केलं. त्यानंतरचा काळ घरच्यांनाच जास्त जड गेला. मी गच्चीवर जाऊन टाक्या बघितल्या. खाली येऊन नळ घट्ट केले. पुन्हा गच्चीवर गेलो. भाडेकरूंच्या गाड्यांच्या साखळ्यांना न विचारता तेल घातलं. जेवताना पाय हलवतो म्हणून ताट हलतं, असं बायको म्हणाली. खुर्चीत बसलो की वाटायचं, उठून काहीतरी करायचं राहिलंय, आणि उठलो की काय ते आठवायचं नाही. शेवटी मी ठरवलं, आवाज होतो तर आवाज कमी करायचा. आयुष्यभर कारखान्यातली मोठी मोठी मशीनं गप्प केली, हा एक हत्ती काय. गोधडीचा प्रयोग त्या ठरवण्यातला पहिला.

गोधडी बाहेर काढून, पंखा साफ करून, तुटलेला पट्टा बदलून मी पुढच्या उपायाला लागलो. वरच्या खोलीत राहणाऱ्या एका पोरानं माझ्या फोनवर आवाज मोजायचं ॲप घालून दिलं. त्यात काटा हलतो. मग मी दोन दिवस नुसतं मोजतच फिरलो. मिक्सर मोजला, पाण्याची मोटर मोजली, देवळातली घंटा मोजली, बायको कुणाशी फोनवर बोलत होती ते मोजलं. ते तिनं पाहिलं, आणि ॲप गेलं. खरं तर त्याची गरजही नव्हती. माझ्याकडं त्याहून चांगलं माप होतं. मी काही बदललं की हत्ती थोडा वेळ चालवायचा, बंद करायचा, आणि काकी गाईला काय सांगतात ते ऐकायचं. या रोजच्या चाचण्यांनी गाय काही निवळत नव्हती.

भुर्जीवाल्याकडून अंड्यांचे ट्रे आणून भिंतीला चिकटवले. कुणीतरी सांगितलं होतं, आवाज खातात. निकाल आला, "आता अंडी घालायचं यंतर काढलंय वाटतं. पर वराडतंय तसंच." ट्रे काढले.

मग लक्षात आलं की आवाज नुसता हवेतून जात नाही, जमिनीतूनही जातो. दोन्ही गोठ्यांचा कोबा एकच आहे, भिंत नंतर वर चढवलेली. मशीन हललं की पलीकडं गाईच्या खुरांखाली थरथर. मी ट्रॅक्टरच्या जुन्या टायरचे तुकडे कापून हत्तीच्या पायांखाली दिले. निकाल, "आज पायाला मुंग्या न्हाईत व्हय गं तुज्या? शेपूट बी गप हाय. बघ, जरा अक्कल आलीया." मला इतका आनंद झाला की मी बायकोला जाऊन सांगितलं, काकी म्हणाल्या, अक्कल आलीय.

"कुणाला?" ती म्हणाली.

नंतर शिट्टी शोधली. नळीचे सांधे सैल होते. फट राहिली की हवा तिथून शीळ घालत आत घुसते. प्रत्येक सांध्यावर ओला हात फिरवत गेलो, गार लागेल तिथं चिकटपट्टी गुंडाळली. नळीला दोन ठिकाणी मोडलेल्या गुडघ्यासारखी वळणं होती, ती काढून पाईप सरळ केला, जरा जाड घेतला. शिट्टी गेली. निकाल आला नाही, पण गाय फुसकारली नाही. मग प्लायचा खोका केला, आत जुन्या गाद्यांचा कापूस लावला आणि हत्तीला त्यात बसवलं. खोक्यानं आवाज खूपच खाली आला. मोटरही खूपच तापली. हत्तीला श्वास घ्यायला जागा हवी हे मी विसरलो होतो. पुन्हा उघडून हवा जायला नागमोडी वाट ठेवली, म्हणजे हवा वळत वळत बाहेर जाते आणि आवाज प्रत्येक वळणावर कापसात आपटून मरतो. हे जमलं तेव्हा मी स्टुलावर चढून फटीतून पाहिलं. गाय बसली होती. पण कान माझ्याकडं.

आणि तिथं, स्टुलावर, तोंड फटीत घालून उभा असताना मला जे पहिल्या दिवसापासून दिसत होतं ते कळलं. मी खाली कितीही गुंडाळागुंडाळी केली तरी आवाज इथून जातोय. कटरचा, हत्तीचा, माझ्या खोकल्याचासुद्धा. ही हातभर फट बुजवली तर काम होतंय. चार रांगा विटा, एक दिवसाचं काम.

पण ती भिंत सामाईक. आमच्याकडं सामाईक भिंतीला हात लावायचा म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. कुणी त्यावर खिळा ठोकला तरी पलीकडचा तलाठ्याकडं जाऊन येतो. न विचारता विटा रचल्या असत्या तर आमची नातवंडं कोर्टात भेटली असती. म्हणून विचारायचं ठरवलं, आणि ते काकींच्या मुलाला. माझ्याहून धाकटा आहे. भिंतीच्या पलीकडचं जे काही आहे त्याच्या कागदावर त्याची सही लागते.

तो रस्त्याच्या कडेला सिमेंटच्या विटा उतरवून घेत होता. गेले काही दिवस त्यांच्या अंगणात विटा येत होत्या, पेंढा ठेवायची जागा विटांनी भरली होती आणि काकींचा पेंढा उघड्यावर ताडपत्रीखाली पडला होता. मी म्हटलं, जरा बोलायचं होतं. त्यानं ट्रॅक्टरवाल्याला हातानं थांब केलं.

"बोल की दादा."

"माझ्या मशीनचा गाईला त्रास होतोय म्हणतात. फट बुजवू का? खर्च माझा."

तो हसला. चिडला नाही, हसला, त्यामुळं मी जास्त घाबरलो.

"कशाला दादा? चालव की तू. आमाला काय न्हाई त्याचं."

"अरे, गाय दूध देत नाहीये."

"नसू दे." त्यानं आवाज खाली आणला. "आईचं गुडघं गेल्यात. सकाळच्याला शेण काढायला बसती ती उठाया भिंत धरती. किती सांगितलं, इकू गाय, ऐकती का? आता गायच दूध देईना म्हटल्यावर आपसूक म्हणंल, न्हे बाबा. पाडव्याच्या आत गोठा पाडतो अन् खोल्या काढतो. तू आपला मशीन चालव. जरा जास्तच चालव."

त्याचं सगळंच चुकीचं होतं असं नाही. काकींचे गुडघे मीही बघतो. पण घरी येताना मला कुठं बसवेना. पारावर बसलो, उठलो. टपरीवर चहा घेतला, अर्धा सांडला. म्हणजे मी इतके दिवस ज्या आवाजाशी झगडत होतो तो पलीकडं कुणाच्या तरी उपयोगाचा होता. मी बटण दाबत होतो आणि पलीकडं एका म्हातारीची गाय सुटत चालली होती. काका गेल्यानंतर काकींना सकाळी उठायला ती गाय लागते. शेण, वैरण, धार, दोन घरांना दूध, आणि बोलायला कुणीतरी. गाय गेली तर काकी काय बोलणार आणि कुणाशी? मुलाशी त्या फारसं बोलत नाहीत. त्याच्या डोक्यात सतत विटा असतात.

फट बुजवायची परवानगी मिळणार नव्हती. मशीन कायमचं बंद ठेवून बसणं मला जमणार नव्हतं. आणि गाय विकली जायला आता फार उशीर नव्हता, कारण काकींनी त्याच दिवशी तिला सांगितलं होतं, "आजून आठवडाभर बघते बाई. न्हाईतर मला बी उत्तर उरत न्हाई."

दुपारभर मी आमच्या गोठ्यात येरझाऱ्या घातल्या. भिंतीला हात लावायचा नाही. पण भिंतीच्या अलीकडची हवा तर माझी आहे. तिथं काहीतरी रचलं, भिंतीला न टेकता, छपरापर्यंत, तर? विटा नकोत, लाकूड नको, लाकूड आवाज पुढं ढकलतं. काहीतरी मऊ, जाड, भुसभुशीत. गाद्यांचा एवढा कापूस आणायचा कुठून? आणि दारातून बाहेर पाहिलं तर काकींच्या ताडपत्रीखालचा पेंढा दिसत होता.

आता हे विचारायचं कुणाला? मुलाला विचारून उपयोग नव्हता. काकींच्या दारात जायची सवय मोडलेली. मी स्टुलावर चढलो. पलीकडं काकी गव्हाण झाडत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. मी घसा खाकरला आणि गाईकडं बघत म्हणालो,

"काय गं, तुझा पेंढा उघड्यावर दिसतोय."

गाईनं मान वळवली. काकींचा झाडू थांबला, पण त्याही गाईकडंच बघत होत्या.

"इचारतोय तर सांग की त्याला," त्या गाईला म्हणाल्या. "जागा विटांनी खाल्ली म्हणावं."

"माझ्याकडं जागा आहे म्हणावं," मी गाईला सांगितलं. "भिंतीच्या अलीकडं माळा घालतो. छपरापर्यंत पेंढा रचू. भिंतीला हात लावत नाही. वर्षभर कोरडा राहील, आणि आवाजही अडेल."

"अन् वैरण काढायची झाली मंजी? माज्याच पेंढ्यासाठी मी दुसऱ्याच्या दारात जाऊ?"

"मी भारा आणून देईन म्हणावं. रोज."

काकींनी झाडू गव्हाणीला टेकवला. मग गाईच्या पाठीवर हात फिरवला.

"घरात आगीचं यंतर अन् वर पेंढा. पेटवायचाय का सगळा गोठा, इचार त्याला."

हे मात्र मी आधीच धरलं होतं. एवढी अक्कल मेंटेनन्सनं दिली होती. मी म्हटलं, मोटर गोठ्यात राहणार नाही, खोक्यासकट बाहेर पश्चिमेच्या भिंतीला पत्र्याखाली जाईल. आत नुसता पाईप. वायरी नळीत घालीन. आणि गोठ्यात बिडी कुणीच ओढत नाही, गाईसुद्धा.

"ह्याचं त्वांड लई चालतंय," काकी गाईला म्हणाल्या आणि झाडायला लागल्या. भावकीत याला होकार म्हणतात.

पुढचे दिवस मी पाय जमिनीला लागू दिले नाहीत. जुन्या वाशांचा माळा भिंतीपासून चार बोटं सोडून उभा केला. ती चार बोटं बायकोला दाखवली, म्हणजे पुढंमागं साक्षीदार असावा. हत्ती बाहेर नेला. पेंढा आणताना काकींचा मुलगा अंगणात उभा होता. त्यानं विचारलं, हे काय. मी म्हटलं, वैरण कोरडी ठेवतोय. त्याला यात अडवण्यासारखं काही सापडेना. विटा नाहीत, खिळा नाही, भिंतीला स्पर्श नाही. तो बराच वेळ बघत राहिला. मग भारे जड आहेत म्हणून दोन त्यानंच उचलून माझ्या दारापर्यंत आणले. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. बायकोनं तोंडाला फडकं बांधून खालून पेंढ्या दिल्या आणि मी वर रचत गेलो, गच्च, छपराला भिडेपर्यंत. शेवटची पेंढी बसली तेव्हा गोठ्यात एक निराळीच शांतता आली. कानात बोटं घातल्यासारखी.

संध्याकाळी धारेच्या वेळेला मी मुद्दाम सगळं सुरू केलं. बाहेरून हत्तीची घरघर, आत कटर. एक फळी कापली, दुसरी कापली. मग कटर थांबवला, हत्ती चालूच ठेवला, आणि नेहमीच्या सवयीनं कान भिंतीकडं लावून निकालाची वाट बघत उभा राहिलो.

काही आलं नाही.

हत्ती बंद करून पाहिला. तरी काही नाही. काकी बोलत नव्हत्या की बोलत होत्या आणि मला ऐकू येत नव्हतं? गाय देत होती की नव्हती? मी स्टुलावर चढलो. समोर पेंढा. पेंढ्यात हात घातला, कोपरापर्यंत गेला आणि पलीकडं पोचला नाही. आवाज अडवायचा म्हणून मी जे रचलं त्यानं काकींचा आवाजही अडला होता, आणि मला हे आधी सुचलं नव्हतं. इतके दिवस ज्या मापानं मी सगळं मोजलं ते मापच मी स्वतःच्या हातानं बुजवलं होतं.

मी हत्ती पुन्हा लावला. पुन्हा ऐकलं. गोठ्यात चार फेऱ्या मारल्या. आठवडा संपत आला होता, आज दूध आलं नाही तर उद्या काकी मुलाला हो म्हणणार. राहवेना. चपला घातल्या, फाटकातून बाहेर पडलो आणि मोजणीनंतर पहिल्यांदा काकींच्या अंगणातून, पुढच्या दारानं, आत गेलो. उंबऱ्यावर क्षणभर थांबलो. कुणी अडवलं नाही. मागच्या गोठ्यात गेलो.

काकी धारेला बसल्या होत्या. चरवी अर्ध्याच्या वर गेली होती, वर फेस. धार पडत होती ती आता दुधातच पडत होती म्हणून तिचा आवाज जाड येत होता. गाय रवंथ करत होती. वासरू बाजूला बांधलेलं, तोंडाला फेस, पोट भरलेलं. पश्चिमेकडून हत्तीची घरघर येत होती, पण लांब कुठंतरी ट्रक चढ चढतोय तेवढीच. गोठ्याच्या दाराला टेकून काकींचा मुलगा उभा होता आणि चरवीकडं बघत होता.

काकींनी मान वळवली. गाईकडं नाही, माझ्याकडं बघितलं.

"आलास व्हय. बस तितं. बोलू नको, ती बिचकंल."

मी पेंढ्याच्या एका भाऱ्यावर बसलो. खरोखर बसलो. धार संपेपर्यंत पाय हलला नाही. काकी भिंत धरून उठायला लागल्या तेव्हा मुलानं पुढं होऊन चरवी घेतली, दुसऱ्या हातानं त्यांचा दंड धरला.

"ह्या वर्साला ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. आईला म्हणाला की मला, कळलं नाही. "शेण मी काढत जाईन. पुढच्या वर्साचं पुढं बघू."

"पुढच्या वर्साला बी तूच काढ," काकी म्हणाल्या.

त्यांनी मला चहा दिला. मग बांधाचा विषय निघाला नाही, पावसानं पडलेल्या भाताचा निघाला. मग कुणाच्या तरी लग्नाचा. बराच वेळ गेला असावा, कारण परतलो तेव्हा अंगणातला दिवा लागला होता आणि बायको गोठ्याच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. पश्चिमेच्या भिंतीपाशी हत्ती एकटाच, लाकूड नाही, धूळ नाही, नुसती हवा ओढत घरघरत होता. तिनं जाऊन बटण बंद केलं. मी घडलं ते सगळं सांगितलं, चरवीपासून शेणापर्यंत. तिनं ऐकून घेतलं, माझ्या केसातली पेंढ्याची एक काडी काढली आणि म्हणाली,

"मला वाटलं, तुमी आत हाय. मी कवापासनं जेवायला हाका मारतीया, त्या हत्तीला. उद्या जाल तवा बंद करून जा. अन् मोकळ्या हातानं जाऊ नका, कायतरी बांधून देते."